ठिकाणाचं नाव नसलेली चिठ्ठी

दसरा सरला की केजच्या बाजारात सीताफळं येतात. डोंगरातल्या बाया तोडून आणतात, रस्त्याच्या कडेला पाट्या मांडतात आणि दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला तो गोड, जरासा आंबूस वास धरतो. मला सीताफळ म्हणजे जीव की प्राण. म्हणजे होतं. नवरा म्हणायचा, हिला दागिना नको, एक पाटी आणून द्या, वर्षभर भांडणार नाही. आता या दिवसांत मी कॉलेजातून घरी येताना बाजारातून येत नाही, कापडदुकानांच्या मागच्या बोळातून येते. बोळात गटार आहे, डुकरं आहेत, आणि तरी वास यायचा तो येतोच.

तसे हे आमच्याकडचे बरे दिवस. सोयाबीन मळून झालेलं असतं, मळणी यंत्राची धूळ अजून बाभळींवर बसलेली असते. सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि अकरा वाजता ती कुठं ठेवावी ते कळत नाही. काळ्या रानात ज्वारी पेरतात. आणि याच दिवसांत ट्रक सुरू होतात. मांजरसुंब्याच्या चौकात अर्धा तास उभं राहा, एकामागं एक जातात. आत पत्र्याच्या पेट्या, पाण्याचे ड्रम, गोधड्यांचे गठ्ठे, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. सहा महिने ऊस तोडायला निघालेली. माझ्या वर्गातली निम्मी बाकं याच माणसांच्या पोरांनी भरतात.

आणि नेमकी याच दिवसांत मला सहल ठरवायची असते.

मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. फळ्यावर सह्याद्री काढून काढून कंटाळा आला तेव्हा अकरावी-बारावीच्या पोरांचं एक मंडळ काढलं. नाव ‘डोंगर मंडळ’. वर्षातून एक मोठी सहल, डोंगरावरची, चालायची, दमायची. देवदर्शनाची नाही आणि पाळण्यात बसायचीही नाही. ठिकाण कसं निवडायचं याची माझी एक वही आहे. पाणी आहे का. मुलींना आडोसा आहे का. पाय मुरगळला तर गाडी किती जवळ येते. आणि अंधार पडायच्या आत सगळे घरी पोचतात का. या शेवटच्या गोष्टीचा मला फार तोरा होता. बारा वर्षांत माझी एकही सहल उशिरा परतली नव्हती. पालक माझ्या घड्याळावर पोरी पाठवायचे.

पोरांचं मत घ्यायला बिस्किटाचा रिकामा डबा ठेवते. ज्यानं त्यानं चिठ्ठीवर ठिकाण लिहायचं, नाव घालायचं आणि टाकायचं. दरवर्षी पाच-सहा चिठ्ठ्यांवर नुसतं ‘समुद्र’ असतं. बीड जिल्ह्यातली पोरं, दुसरं काय लिहिणार.

दोन वर्षांपूर्वीच्या डब्यात कोमलची चिठ्ठी होती. ती गोष्ट मी उलगडत उलगडत सांगणार नाही, आधीच सांगून टाकते. कोमल बारावीत होती, सतरा वर्षांची. तिचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि ती मामाकडं राहून शिकायची. त्या वर्षी तिच्या आईच्या जागी तिला न्यायचं ठरलं होतं. गाडी शनिवारी येणार होती. गाडी यायच्या वेळी ती गावात नसती तर गाडी तिच्यावाचून गेली असती, कारण टोळीची गाडी कुणासाठी थांबत नाही. सुटायचा तिला एकच रस्ता दिसत होता आणि तो माझ्या हातात होता. माझी सहल.

मला यातलं काही माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणताना माझीच जीभ अडखळते. मी याच जिल्ह्यात जन्मले. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, मग दोघांनी त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. कोमलची आई आदल्या हंगामात मोळीसकट फळीवरून पडली होती, कंबर धरली होती, हे मला ठाऊक होतं. स्वतः कोमलनंच सांगितलं होतं, गैरहजेरीचं कारण म्हणून. मी म्हटलं होतं, बरं, काळजी घे आईची. त्यापुढचा साधा हिशेब, की जोडीतलं एक माणूस बसलं तर त्याच्या जागी कोण उभं राहणार, तो मी केला नाही. अक्षांश-रेखांश शिकवणारी बाई मी.

त्या दिवशी वर्गात चिठ्ठ्या मोठ्यानं वाचत होते. वातावरण हसरं होतं. मी नवीन काहीतरी करायचं म्हणून तंबूत राहण्याची कल्पना काढली होती. डोंगरावर मुक्काम, तीन दगडांची चूल, पहाटेची थंडी, उघडं आभाळ. मला वाटलं पोरं नाचतील. गणेश नावाचा एक उंच पोरगा होता, तो मागच्या बाकावरून शांतपणे म्हणाला, “मॅडम, कोपीत सहा महिने असंच ऱ्हातो की आमी.” कोपी म्हणजे उसाच्या फडाकडेला बांधतात ती पाचटाची झोपडी, आत वाकून शिरावं लागतं. वर्ग खो खो हसला. मीही हसले. पण मनात ओशाळले आणि तिथल्या तिथं ठरवून टाकलं, की या पोरांना उघड्यावर मुक्कामाचं कौतुक नको, यांना एक दिवसाची सहल पुरे.

त्यात आणखी एक शहाणपण केलं. त्याच आठवड्यात गाड्या निघणार होत्या. आईबाप सहा महिन्यांसाठी जाताना पोरं घरी असावीत, निरोप नीट व्हावा, असं मला वाटलं. म्हणून ठरलं, धारूरचा किल्ला, शनिवारी सकाळी सातला निघायचं आणि सहाच्या आत फाट्यावर परत. माझ्या मते यात सगळ्यांचं भलं होतं. कुणाचंही वाईट चिंतलं नव्हतं, हे मी अजून स्वतःला सांगते. त्यानं काही फरक पडत नाही.

तेवढ्यात कोमलची चिठ्ठी हाती आली. तिच्यावर ठिकाणच नव्हतं. लिहिलं होतं, ‘शुक्रवारी निघावं. तीन दिवस असावेत. लांब असावं.’

मी ती वाचून दाखवली. आमची टर उडवायची खोड जुनी. म्हटलं, वा, ही सहल आहे का मागणीपत्र, अगं पण न्यायचं कुठं तुला? पोरं फिसफिसली. कोमल पुढून तिसऱ्या बाकावर बसायची, दोन वेण्या, बोलणं कमी. ती उभी राहिली. तिनं उभं राहायची गरज नव्हती, पण राहिली.

“कुठंबी, मॅडम,” ती म्हणाली. “कुठंबी चालंल.”

मला त्यात उद्धटपणा दिसला. मी तिला सांगितलं की सहल काही एकट्याच्या हौसेवर निघत नाही, सगळ्यांचा विचार करावा लागतो. ती “बरं” म्हणाली आणि बसली. नंतर वऱ्हांड्यात माझ्या मागं मागं आली होती. मला ऑफिसात जायचं होतं. मी चालता चालता विचारलं, काय गं, आणि ती म्हणाली, काही न्हाई. एवढंच. मी थांबले असते तर तिनं सांगितलं असतं का, हा प्रश्न मी किती वेळा उलटापालटा केलाय, त्याला गणती नाही. कधी वाटतं सांगितलं असतं. कधी वाटतं, तिनं सांगावं असं मी तिला काय दिलं होतं.

शनिवारी ती आली. सगळ्यांच्या आधी फाट्यावर उभी होती. आमच्या मंडळाकडं कॅनव्हासचे बूट आहेत, ज्यांच्याकडं नाहीत त्यांना सहलीपुरते देतो. कोमलला पाच नंबरचे दिले. तिनं चपला पिशवीत घातल्या आणि बूट घालून दोन-तीनदा जागच्या जागी पाय आपटून बघितले. दोन जीपा होत्या. पहिली रशीदभाईंची. मंडळाच्या पहिल्या सहलीपासून तेच आमचे चालक, पांढरी दाढी, घाटात बिडी न ओढणारा माणूस. घाटात पोरांनी सीताफळांची पाटी घेतली. बिया खिडकीतून फेकायची स्पर्धा लागली. सगळी जीप त्या वासानं भरून गेली, हात चिकट झाले. मधेच कोमलनं विचारलं, “रशीदभाई, तुमची जीप कधी बंद पडत न्हाई का?”

रशीदभाई हसले. म्हणाले, बारा वर्सांत एकदा न्हाई पडली, पोरी, तू बिनघोर बस.

किल्ल्यावर वारा होता. गवत पिवळं पडत आलेलं, मधे मधे तरवडाची फुलं. तटावरून खाली दरी दिसते, पलीकडं डोंगरामागं डोंगर. पोरांनी आरडून आरडून प्रतिध्वनी काढले, फोटो काढले, डबे खाल्ले. मी बालाघाटाची रांग कुठून कुठं जाते ते हातवारे करून सांगत होते, कुणी ऐकत नव्हतं. कोमल ऐकत होती. ती विचारत राहिली, त्या डोंगराच्या मागं काय, आणि त्याच्या मागं काय. मला बरं वाटलं. म्हटलं, हिला भूगोलाची आवड दिसते.

चारला शिट्टी वाजवली. मोजले तर एक कमी. दहा मिनिटं हाका मारल्या. शेवटी एका पडक्या बुरुजाच्या आत, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली सापडली. लपली होती म्हणावं तर शोधणाऱ्याकडं तोंड करून बसलेली. पोटात दुखतंय म्हणाली. अजून थोडा वेळ थांबू, मॅडम. मी तिच्यावर जे ओरडले, ते अजून माझ्या कानात आहे. तुझ्यामुळं सगळ्यांना उशीर होतोय, तुझ्या आईवडिलांना मी काय तोंड दाखवू, आजवर माझी सहल उशिरा गेली नाही. दंडाला धरून उठवलं. तिचा दंड बारीक होता. ती ओढ न घेता आली.

उतरताना रशीदभाईंनी दहा मिनिटं भरून काढली. पावणेसहाला फाट्यावर पोचलो. मी घड्याळ बघितलं, खूश झाले.

फाट्यावर ट्रक उभा होता. भरलेला. आत माणसं बसून झालेली, एक बाई तान्ह्याला पाजत होती, शेळी ओरडत होती. ट्रकच्या सावलीत कोमलचा बाप उभा होता, पटका बांधलेला, हातात एक गाठोडं. आई ट्रकच्या मागं दगडावर बसली होती, कमरेला कापड आवळलेलं. ती जाणार नव्हती, निरोपाला आली होती. बाप माझ्याजवळ येऊन हात जोडून म्हणाला, “लई उपकार झाले, मॅडम. म्हनलं गाडी सांजंला हाय, तवर एक दिस हिंडून येऊ द्या. तुमी टायमावर आनताव, म्हनून धाडली.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सगळं एकदम आलं. चिठ्ठी, वऱ्हांडा, जीप बंद पडत नाही का, बुरूज. आणि बापाचा मला राग येईना, हे त्याहून वाईट. तो काही राक्षस नव्हता. लेकीला आधी एक दिवस मजा करू द्यावी, एवढं त्यानं टोळीच्या मुकादमाला सांगून मागून घेतलं होतं.

मी बोलायचा प्रयत्न केला. ती लहान आहे, बारावीचं वर्ष आहे, असं होत नसतं. बाप मान खाली घालून ऐकत होता, आणि मुकादम ट्रकच्या दारातून म्हणाला, मॅडम, वर्गात बोला काय बोलायचं ते, इथं गाडी खोळंबलीय. मला त्या वेळी पोलिसात फोन करता आला असता. तहसिलात कुणाला तरी उठवता आलं असतं. ट्रकच्या पुढं आडवं पडता आलं असतं. यातलं मी काही केलं नाही. आजूबाजूला वीस पोरं होती, त्यांतल्या निम्म्यांचे आईबाप कुठल्या ना कुठल्या गाडीत बसणार होते, आणि मी नुसती उभी होते.

कोमल जीपच्या पायरीवर बसून बूट काढत होती. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या, धूळ झटकली आणि जोड माझ्या हातात दिला. चपला घातल्या. आईजवळ गेली, तिच्या खांद्याला हात लावला आणि ट्रकवर चढली. फाळका लावताना आवाज झाला. मी तो जोड घेऊन जीपच्या मागं गेले आणि सवयीनं पोत्यातले बूट मोजले. सगळे जोड भरले.

ती उन्हाळ्यात परत आली. केजच्या एसटी स्टँडवर भेटली, मामाच्या गावाला निघाली होती. हातांवर उसाच्या पानांनी काढलेल्या रेघा, उजव्या अंगठ्याचं नख काळं. परीक्षा होऊन गेली होती. मी विचारपूस केली, तीही हसून बोलली, कर्नाटकात थंडी लई असती म्हणाली. मग न राहवून मी तिला म्हटलं, अगं, मला एकदा सांगायचं तरी होतंस.

“चिठ्ठीत लिव्हलं व्हतं की, मॅडम,” ती म्हणाली.

रागानं नाही. मला विसर पडला असेल, आठवण करून द्यावी, इतक्या साधेपणानं. मग तिची गाडी लागली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. आता तिचा कोयता वेगळा आहे, बापाच्या टोळीत नाही.

गेल्या वर्षी मी वहीतला क्रम बदलला. पाणी, आडोसा, गाडी हे सगळं खाली. पहिल्या ओळीवर लिहिलं, गाड्या कधी निघणार. सहल शुक्रवारी काढली, तीन दिवसांची, नाशिकच्या बाजूच्या गडांवर. वर्गात कारण सांगितलं नाही, तरी पोरांना कळलंच. बारावीतल्या दोघी त्या गाड्यांतून सुटल्या. मला वाटलं, जमलं. त्यातल्या एकीचा बाप मागं राहिला, चौथ्या दिवशी एसटीनं तिला घेऊन गेला. माझ्याशी भांडायला नाही आला. फक्त कॉलेजच्या फाटकाशी उभा राहिला आणि ती दप्तर घेऊन त्याच्यासोबत गेली. दुसरी टिकली, बारावी झाली. पण जोडीला लेक नाही म्हटल्यावर तिची आई त्या हंगामात दुसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्यासोबत गेली, आणि त्यावरून घरात काय काय झालं ते मी इथं लिहिणार नाही. कुणाचं भलं केलं आणि कुणाचं वाटोळं, याचा ताळा मला अजून लागत नाही. माझी चीड कुणावर काढावी तेही कळत नाही, म्हणून मी ती घरी भांड्यांवर काढते.

काल डबा उघडला. घरीच, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. वर्गात मोठ्यानं वाचायची पद्धत मी बंद केलीय. बाहेर सीताफळवाली ओरडत गेली. चिठ्ठ्या उलगडत गेले. समुद्र. कपिलधार. समुद्र. हरिश्चंद्रगड. मग एक, ‘लांब असावं.’ नंतर पुन्हा एक समुद्र. मग एक, ‘कुठंबी. तीन दिवस.’ मी त्या बाजूला ठेवत गेले. अक्षरं वेगवेगळी, शाया वेगवेगळ्या, एक पेन्सिलीनं लिहिलेली. शेवटी बाजूच्या ढिगात अकरा झाल्या. त्यांतल्या दोन मुलग्यांच्या होत्या. एकीनं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘जमलं तर जास्त दिवस.’

सांजच्याला रशीदभाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, कुठं जायचं यंदा. मी म्हटलं, लांब. त्यांनी नेहमीप्रमाणं पुढचं विचारलं, आन् परत कधी. इतकी वर्षं मी या प्रश्नाला मिनिटासकट उत्तर दिलं होतं. काल समोर त्या चिठ्ठ्या होत्या.

“रशीदभाई,” मी म्हणाले, “तुमची जीप बंद पडते का हो कधी?”

दोन वर्षांपूर्वी या प्रश्नावर ते हसले होते. काल हसले नाहीत. मागं त्यांच्या नातवंडांचा गोंधळ ऐकू येत होता.

“पाडू की, मॅडम,” ते म्हणाले. “किती दिस पाडायची?”

हंगाम सहा महिन्यांचा असतो. सांगते, मी म्हणाले आणि फोन ठेवला.